बाळंतिणीची खोली

"उंबऱ्याच्या आत पाय टाकलास तर याद राख, महिपत!"

सकुमावशीने दोन्ही हात चौकटीला लावले. दाराशी आगटीत निंबाचा पाला धुमसत होता. तो धूर पाहूनच लेव्हीचे, म्हणजे सरकारी धान्यवसुलीचे, साहेब मागे सरले. सोयर असलेल्या खोलीत परका पुरुष जात नाही, हे साहेबांना काय सांगायला हवे! ते परतलेही असते. पण त्यांच्याबरोबर आमचे महिपतराव होते ना.

"साहेब, थांबा," महिपतराव म्हणाले. "ही खोली मला माहीत आहे."

माहीत असणारच! बेचाळीसच्या चळवळीत पोलीस सिद्धगडाच्या रानापासून धसईपर्यंत याला हुडकत होते, तेव्हा हा याच खोलीत दडला होता. सकुमावशी गावची सुईण. तिची लेक देवकी तेव्हा इथेच बाळंतीण होती आणि तिच्या बाजेखाली हा. फौजदार दारापर्यंत आला, मावशीने असेच हात आडवे लावले, आणि फौजदार माघारी गेला. देवकीचे डिंकाचे लाडूसुद्धा यानेच खाल्ले. मावशीने दाढीवाले बाळ सांभाळले म्हणून आम्ही बाया किती हसायचो. मग स्वारी तुरुंगात गेली, सुटली, हारतुरे झाले, आणि आता लेव्हीच्या कमिटीवर जाऊन बसली.

मी शेजारची बारकी. साहेब दाराशी आले तेव्हा मी आतच होते, हौसाजवळ. हौसा म्हणजे मावशीची सून, काळूरामची बायको. तिच्या बाजेमागे साऱ्या वाडीचे बियाणे रचले होते, पेंढ्याने वळलेले भाताचे मुडेच्या मुडे. खायचे भात सरकारने आधीच नेले होते. साहेबांनी बांधावरून नुसती नजर फिरवून पिकाचा अंदाज बांधला, आणि त्यात पेरायचेही धरले. गोऱ्यांचे सरकार असो की खादीचे, आमच्या कणगीत हात घालायचा तो कोपरापर्यंत. बियाणे गेले असते तर पावसात पेरायचे काय, दगड?

आणि हौसाची पोर आदल्या दिवशी गेली होती.

गोरीगोमटी, नाकेली पोर. दूध ओढेना, ताप उतरेना. मावशीच्या हातांनी गावात इतकी पोरे जगवली, पण नातीपुढे ते हात थकले. मायलेकांनी तिला शेताच्या कोपऱ्यात पुरले. दुसऱ्या दिवशी उजाडताच सांगावा आला, लेव्हीची माणसे येताहेत, आणि महिपत वाट दाखवतोय.

"त्याला ही जागा ठाव हाय," मावशी मटकन खाली बसली. मग उठली. एक मुडा फोडला, भात पाळण्यात ओतले, वर दुपटे पांघरले. हौसाच्या हातात दोरी दिली. "हौसा, बाय माझे, आज रडू नको. उद्या रड."

असे कुणी सांगावे? पण सांगितले. आणि पोरीने ऐकले.

"मावशी, आता प्रांतात आपलं सरकार आलंय," महिपतराव दारातून समजावत होते. "मुंबईची माणसं रेशनच्या रांगेत उपाशी उभी आहेत. आता चोरून ठेवायचं नाय."

"तवा तुला चोरून ठेवला व्हता. तो गुन्हा का पुन्य, सांग की!"

मावशीचा हात बाजूला सारून ते आत शिरले. वाकून बाजेमागे पाहिले आणि बाहेर हाक मारली, "उचला रे!"

शिपाई एकेक मुडा बाहेर नेऊ लागले. हौसा खाली मान घालून पाळणा हलवत होती. महिपतरावांना काय वाटले कुणास ठाऊक, पाळण्यापाशी आले.

"मुलगा का मुलगी?"

"मुलगी," मीच म्हणाले.

त्यांनी दुपट्याकडे हात नेला. मावशीचा श्वास मला ऐकू आला. हौसाने वर पाहिले. तिची चोळी दुधाने भिजली होती, पार पोटापर्यंत ओघळ आला होता. महिपतरावांनी चटकन नजर खाली वळवली, हात मागे घेतला.

"पाज तिला," एवढे बोलून ते बाहेर गेले.

मुड्यांची गाडी ओढ्यापलीकडे गेल्यावर मावशी म्हणाली, "आता रड गो." पण हौसाला रडूच येईना. ती पाळणा हलवतच राहिली. शेवटी मावशीने तिच्या मुठीतून दोरी सोडवली, आणि स्वतःच ऊर बडवून रडली.

पाळण्यातले बियाणे घरोघर ओंजळीने वाटले. रोहिणीत पेरले, आवण, म्हणजे भाताची रोपे, विरळ लावली, निम्मी खाचरे ओसाड ठेवली. पण शेत लागले.

श्रावणात स्वातंत्र्याचा दिवस आला. शाळेपुढे झेंडा लावायला महिपतराव आले होते. आम्ही बेणायला शेतात उतरलो होतो; तण काय झेंड्यासाठी थांबते? तर स्वारी बांधावरून चिखल तुडवत आली. हातात गोंडे लावलेले झबले.

"हौसा, हे मुलीला. त्या दिवसापासून मनात होतं. मोठी झाली असेल, नाही?"

मावशीने तोंड फिरवले.

हौसाने चिखलाचे हात लुगड्याला पुसले. झबले घेतले, हातावर पसरून नीट पाहिले.

"झालं असतं तिला," ती म्हणाली.

महिपतराव कळेना तसे बघत राहिले. मग हळूहळू कळले. "पण... मी आलो तेव्हा पाळण्यात..."

"हे व्हतं," हौसा म्हणाली, आणि पायाशी डुलणाऱ्या भाताकडे हात केला. "ती त्याच्या आदल्या दिवशीच गेली. थितं, कोपऱ्यात हाय."

तिने झबल्याची घडी घातली, त्यांच्या हातात परत दिली, आणि वाकून बेणू लागली.

शाळेकडून माणसे हाका मारत होती, महिपतराव, चला, झेंड्याला उशीर होतोय. ते बांधावर उभेच होते.