जिन्यावरची खडूची रेघ

"पाणी अंगणातच थांबेल," म्हाताऱ्यांनी फर्मावलं आणि चहात साखर ढवळली. नद्यांच्या कचेरीत आलेख काढण्यात आयुष्य गेलेलं. नदीनं आपल्याला विचारूनच वाढावं, अशी त्यांची माफक अपेक्षा असे.

सून त्याच कचेरीत इंजिनिअर. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीला खडूनं रेघ ओढत होती. "बाबा, दुपारपर्यंत इथवर येईल. आईंना वर नेऊ या."

आई खालच्या खोलीत, मोडलेला पाय घेऊन पलंगावर. आतूनच निकाल आला, "हे म्हणतील तेव्हाच हलेन मी. पुराचं यांचं कधी चुकलं नाही. बाकी सगळं चुकलं."

"ऐकलंस?" म्हाताऱ्यांनी त्यातली शाबासकी तेवढी उचलली.

सुनेनं वाद घातला नाही. लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. वरच्या धरणापासून निघालेला पूर इथे किती चढेल आणि कधी, हे दोन आकड्यांवर ठरे. ते आकडे म्हाताऱ्यांनीच तरुणपणी एका मोठ्या पुरावरून बसवले होते. एक जोडी धरायची, आलेख काढायचा, जुळला नाही की खोडायचा. दिवस मावळायचा.

पडद्यावर ठिपक्यांचा थवा उधळला.

"एकेक ठिपका म्हणजे त्या दोन आकड्यांचा एकेक अंदाज," सून म्हणाली. "आजवरच्या सगळ्या पुरांशी स्वतःला ताडून बघतो. ज्याची चूक सगळ्यांत कमी, त्याच्याकडे बाकीचे सरकतात."

"चूक कळली की लगेच सरकतात?"

"लगेच."

"भांडत नाहीत?"

"नाही, बाबा."

ठिपके भिरभिरले, घुटमळले, आणि झाडावर पाखरं उतरावीत तसे एका जागी विसावले. म्हाताऱ्यांनी बसवलेली आकड्यांची जोडी तिथून जराशी बाजूला, एकटी उभी होती.

"पुन्हा दाखव."

तिनं पुन्हा दाखवलं. चहावर साय धरली. ते उठून आतल्या खोलीत गेले.

"अगं, वर चल."

"म्हणजे तुमचं चुकलं?"

"बोटभर."

आईंनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. शेजाऱ्याला हाक मारून तिघांनी आईंना खुर्चीत बसवून वर नेलं.

दुपारी पाणी आलं. अंगण, उंबरा, पलंगाचे पाय, पायऱ्या. सगळं गुपचूप घेत रेघेला टेकलं आणि तिथेच डुलत राहिलं. वरच्या पायरीवर बसलेले म्हातारे बराच वेळ बघत होते. मग, लांबून आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला जागा द्यावी, तसे ते अंग चोरून भिंतीकडे सरकले.