मुद्देमालातला बारावा जोड

टायरच्या तळव्याची, उजव्या पायातली एक जुनी चप्पल आहे मी, मित्रांनो. डावी माझ्या शेजारीच आहे, पण ती फारसं बोलत नाही. मागच्या जन्मी आम्ही दोघी एका ट्रकचं चाक होतो. वैजापूरच्या बाजारात एका कारागिरानं आम्हाला कापलं, वर जाड पट्टे ठोकले, आणि मेंढ्या राखणाऱ्या त्रिंबकनं आम्हाला घालून दोनदा पाय आपटला. एवढीच आमची परीक्षा. चाक असताना ऐंशीच्या वेगानं पळायचो, आता मेंढीच्या वेगानं. तक्रार नव्हती.

सहा वर्षं नोकरी केली. सराटे, काचा, एक म्हातारा विंचू, सगळं तळव्यावर घेतलं. त्रिंबक तोंडानं कौतुक करत नसे. पण ओढा आला की आम्हाला हातात घेऊन स्वतः पाण्यात उतरायचा. यापेक्षा मोठा मान चपलेच्या नशिबात नसतो.

मग दोन हजार सोळाच्या मे महिन्यात आम्हाला अटक झाली.

झालं असं. सडकेवर पोलिसांची जीप थांबली आणि फौजदार त्रिंबकला म्हणाले, "पंच म्हणून चल. बघायचं आन सही करायची."

"आन मेंढरं?"

"मेंढरांची सही लागत नाय."

मेंढ्या बायकोच्या, वच्छलाबाईच्या हवाली करून त्रिंबक जीपमध्ये बसला. सडकेपासून दीड किलोमीटर आत नानासाहेब नावाच्या माणसाची कांदा सुकवायची शेड होती. फाटकापासून शेडपर्यंतची वाट नुसत्या फोडलेल्या खडीची, आणि दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ. शेडच्या दारावर पाटी होती : 'खाण्याचा माल आहे. चपला बाहेर.' पोलीस बुटांसकट आत गेले. त्रिंबक भला माणूस. त्यानं पाटी वाचली आणि आम्हाला दाराशी काढलं.

आत अकरा बायका कांदा कापत होत्या. त्यांच्यातली एक बानाबाई. मुकुंदवाडीत मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम आहे, असं सांगून नानासाहेबानं या सगळ्यांना टेम्पोत घालून आणलं होतं. वसतिगृह काही आलं नाही, शेड आली. फोन काढून घेतले. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कांदा, आणि घरी जायचं नाव काढायचं नाही. फाटकाला मात्र कुलूप नव्हतं. सांडू नावाचा राखणदार रोज सकाळी दारातल्या चपला पोत्यात भरायचा आणि पोतं कपाटात कुलूपबंद करायचा, रात्री परसाकडं जायला तेवढ्या द्यायचा, तेही स्वतः मागं उभा राहून, बस्स.

त्या दिवशी पोलीस आत शिरले होते, तरी सांडूला दारात एक जोड दिसला आणि सवयीनं त्यानं तो पोत्यात टाकला. तो जोड म्हणजे आम्ही. पोलिसांनी पोतं मोजलं, बारा जोड लिहिले, त्रिंबकची सही घेतली आणि लाख ओतून सील केलं.

"साहेब," त्रिंबक म्हणाला, "माझी चप्पल त्यात गेली."

फौजदारांनी सीलकडं पाहिलं. "आता कोर्टाच्या हुकमाबिगर उघडता येत नाय."

"मग मी जाऊ कसा?"

"ते पंचनाम्यात येत नाय."

बायकांनी जीप भरली, त्रिंबकला जागा उरली नाही; त्यांना आणि आम्हाला घेऊन ती निघाली. त्रिंबक घरी कसा गेला, हे आम्हाला तीन वर्षं कळलं नाही. ती तीन वर्षं आम्ही मुद्देमालाच्या खोलीत काढली. शेजारी एक कोयता होता. तो रोज सांगायचा की आपण निर्दोष आहोत. तिथं सगळेच तसं सांगतात. मी मात्र खरंच होते.

शेवटी शहरातल्या कोर्टात खटला उभा राहिला. सरकारी वकीलबाईंनी न्यायाधीशांना जे सांगितलं, ते मी टेबलावर पडल्या पडल्या पाठ केलं. माणसांची तस्करी सिद्ध करायची तर आधी दाखवावं लागतं की आरोपीनं माणसाला मिळवलं, नेलं किंवा ठेवून घेतलं. टेम्पोच्या ड्रायव्हरनं ते सांगून टाकलं. मग दाखवावं लागतं की हे फसवून, धाकानं, जबरीनं, आमिषानं किंवा आपल्या सत्तेचा गैरवापर करून केलं. आणि शेवटी, हे सगळं पिळवणुकीसाठी केलं, माणसाला गुलामासारखं राबवण्यासाठी. या तीनपैकी एक जरी निसटलं तरी कलम लागत नाही.

नानासाहेबाचे वकील तिथंच बोट ठेवून होते. "बायका खुशीनं आल्या, खुशीनं राहिल्या. फाटक सताड उघडं होतं."

हाच प्रश्न बानाबाईला गावात रोज ऐकावा लागे. तिची सासू द्वारकाबाई तर सरळ म्हणायची, "उघड्या फाटकातून मेंढरू बी पळतं. तू का नाय आलीस?" सरकार खटला हरलं असतं तर नानासाहेब सुटला असता, आणि बानाबाई जन्मभर खोटी ठरली असती. सून कोर्टात काय बोलते ते बघायला द्वारकाबाई मागच्या बाकावर येऊन बसली होती.

मग त्रिंबकची साक्ष आली.

"पोत्यात चपला किती?" नानासाहेबाच्या वकिलांनी विचारलं.

"बारा जोड."

"बायका किती?"

"अकरा."

"मग बारावी बाई कुठं गेली?"

"बारावी मीच, साहेब."

टंकलेखकाचे हात थांबले. त्रिंबकनं आमची ओळख पटवली, सांडूची सवय सांगितली. वकील खूश झाले. पंचनाम्यातच घोळ सापडला होता. त्यांनी तिथं थांबायला हवं होतं, पण खुशीत माणूस एक प्रश्न जास्त विचारतो.

"चप्पल नव्हती, तरी तुम्ही गेलातच ना? फाटक उघडं होतं ना?"

"व्हय, उघडं व्हतं. पण गेलो नाय."

"म्हणजे?"

"दीडशे पावलं गेलो आन बसलो. मेंढरामागं जल्म गेला साहेब, टाच माझी खुरावाणी. तरी खडी लई धारंची, आन तापलेली. रगत आलं. सरपटत सावलीला परत आलो. वच्छला हुडकत आली, माझं पाय बघून घरला गेली, आन दिवस मावळताना दुसरी चप्पल घेऊन आली, तवा निघालो. फाटक उघडं असून काय करतो? तिथवर पाय तर नेता आले पायजेत."

वकील खाली बसले.

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं, की फसवून आणलेल्या माणसाची संमती कायदा धरत नाही, आणि ज्याच्या चपला रोज कपाटात जातात तो खुशीनं राहिला असं म्हणता येत नाही. नानासाहेबाला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याची रवानगी हर्सूलच्या तुरुंगात झाली. त्यानं अपील केलं आहे, म्हणून मी अजून मुद्देमालातच आहे. त्रिंबक आता कापडी बूट घालतो. मला त्याचा राग नाही.

मित्रांनो, चपलेला तेल लावा, पट्टा तुटला तर शिवून घ्या, हे मी सांगायला हवं. पण माझं मागणं वेगळं आहे. लग्नात नवरीच्या बहिणी नवरदेवाचे जोडे पळवतात, तेवढी जागा सोडली तर कुणाच्याही चपला लपवू नका. आणि 'ती निघून का नाही आली' असं विचारायचंच असेल, तर आधी ती वाट स्वतः अनवाणी चालून बघा.

निकालाच्या दिवशी बानाबाईनं गावच्या सवयीनं चपला कोर्टाच्या दाराबाहेर काढल्या होत्या. ती बाहेर आली तेव्हा द्वारकाबाई आधीच तिथं उभी होती. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून वाकली, गर्दीत लांब सरकलेली सुनेची चप्पल उचलली, आणि दोन्ही नीट जोडून तिच्या पायांपुढं ठेवली.