शिंपीणबाईंच्या पाटीची फाइल

"बाबा, परत फोटोच पाठवलात!" ती फोनवर कावली. "कापायच्या मशीनला चित्र नाही, रेषा लागतात. वेक्टर फाइल काढा म्हणून किती वेळा सांगू?"

"विसरलो गं. म्हातारा झालोय."

"सोयीनं म्हातारे होता तुम्ही! शिंपीणबाईंची पाटी आहे, उद्या तरी नीट पाठवा."

"बरं, मालकीणबाई."

ते हसले आणि तिनं फोन ठेवला. चाळीस वर्षं ब्रशनं पाट्या रंगवलेल्या माणसाच्या हाती तिनंच टॅबलेट दिला होता. ते घरी अक्षरं काढत, ती दुकानातल्या संगणकावर ती उघडे. पण फाइल यायची ती अशी चपटी, की एकही रेषा हलवता येत नसे. मग चरफडत सगळं पुन्हा गिरवत बसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना ते कोसळले, ते उठलेच नाहीत.

पंधरवड्यानं शिंपीणबाईंचा निरोप आला, "घाई नाही. पण अक्षर त्यांचंच हवं."

वेक्टर फाइल काढायला तिनं त्यांचा टॅबलेट उघडला. फाइल तयारच होती. फोटो पाठवला त्याच दिवशी काढलेली, त्याच्या चार मिनिटं आधी. म्हणजे ते विसरले नव्हते.

तिनं ती दुकानात संगणकावर उघडली. पहिल्याच अक्षराचं वळण जरा बाजूला सरकवलं, तर त्याखाली तेच वळण पुन्हा निघालं, वेडंवाकडं. त्याखाली आणखी एक. तिनं मोजली, एकोणीस निघाली. प्रत्येक रेषा थरथरत गेलेली, मध्येच तुटलेली. विसाव्या खेपेला जमलेल्या जाड, स्वच्छ रेषेखाली ती सगळी झाकली होती. फोटोत तेवढी वरचीच दिसे. वेक्टर फाइलमध्ये काहीच झाकून राहत नाही, हे त्यांनी बघितलं असणार.

तिनं वरच्या रेषा तेवढ्या वेगळ्या काढून मशीनला दिल्या. खालच्या पुसायला बोट डिलीटच्या बटणापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. मशीन घरघरत अक्षरं कापू लागलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली. "तुमचा हात कापतो हे मला वर्षभर दिसत होतं. कप दोन्ही हातांनी धरायचात तुम्ही. विचारलं तर ते खरं ठरेल, अशी भीती वाटायची मला. म्हणून नुसती फाइलवरून ओरडत राहिले."