भागीरथीच्या लाद्या

धसईची भागीरथी तोंडाने फटकळ. भाताच्या खाचरात तिने लॉन लावलं तेव्हा गाव हसलं, तर तिने गावालाच वेड्यात काढलं. मुरबाडकडच्या फार्महाऊसवाल्यांना गवताच्या लाद्या विकून तिने घरावर स्लॅब टाकला. गवतावर तपकिरी चट्टे पडले की बुरशीचं औषध मारायचं, वर्षानुवर्षं तेच एक. हल्ली ते जरा जास्त लागायचं, एवढंच. दुकानदार म्हणायचा, बाई, औषध आलटूनपालटून मारा. महागाचं गळ्यात मारतोय मेला, असं म्हणून ती निघून यायची.

तिचा धाकटा भाऊ कुंडलिक भातसानगरला एका बंगल्यात रोजंदारीवर माळी होता. बंगल्यापुढचं अर्धं लॉन उखडलं, तेव्हा तिने मोठ्या कौतुकाने आपल्या लाद्या त्याला दिल्या. दिवाळीआधीच त्यांवर चट्टे आले. बहिणीचंच औषध मारलं, तरी हटेनात. साहेब म्हणाला, माळी बदलू. हे कळलं आणि भागीरथीचं डोकं फिरलं. साहेबावर नव्हे, भावावर! आळशी कुठला, रात्रभर पाणी तुंबवत असेल, असं तिने एस.टी.त भेटेल त्याला सांगितलं. भाऊबीजेला कुंडलिक आला नाही. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती भातसानगरला गेली, भांडायलाच. कुंडलिकने तिला लॉनवर नेऊन उभं केलं. एकीकडे बंगल्याचं जुनं गवत. त्यावरही चट्टे पडले होते, पण औषध मारल्यावर नवी पाती फुटली होती. दुसरीकडे तिच्या लाद्या, करपलेल्या.

"पाणी येकच, औषध येकच, हातबी माझाच," तो म्हणाला. "आता तूच सांग गो."

भागीरथीने खाली बसून करपलेली लादी उचकटून पाहिली. दुकानदाराचं बोलणं तिला आत्ता कळलं. इतकी वर्षं औषधाने मेली ती बुरशी मेली; ते पचवणारी तेवढी उरली आणि तिचीच पिलावळ वाढली. लाद्यांबरोबर ती तिनेच भावाच्या दारात पोचवली होती.

उठली ती थेट साहेबाकडे गेली. गवत माझं, रोगही माझा, पोराचा काही दोष नाही, म्हणाली. साहेबाने कुंडलिकला ठेवून घेतलं.

फाल्गुनात सगळे भातरोपांच्या जागेवर पाला जाळून राब भाजायला लागले. भागीरथीने आलेली गिऱ्हाइकं परत पाठवली, पाणी तोडून अख्खं लॉन वाळवलं आणि त्यावर पालापाचोळा अंथरला. आता पुन्हा भातच लावायचं होतं. निरोप मिळाल्यावर कुंडलिक आला, पण बांधावरच थांबला. तिने काड्यापेटी त्याच्या हातात दिली.

"तूच लाव," ती म्हणाली. "मंग घरी चल. आपली भाऊबीज ऱ्हायलीय."