पाण्याखालच्या गावाचा पडदा

मी दिघोरीच्या नाटक मंडळीचा पडदा बोलतोय. हसू नका. आज माझ्या अंगावर धानाचा भुसा आहे आणि उंदरांनी कडा कुरतडल्यात. पण एके काळी मला गुंडाळायला घेतलं, की दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आलेली माणसं "राहू द्या, राहू द्या" म्हणून ओरडायची.

जन्माने मी तुमसरच्या बाजारातलं मांजरपाट. मला रंगवलं एकोडीच्या भोजराजने. जागेपणी हा माणूस फारसा कामाचा नव्हता. सकाळी बायको, निर्मलाबाई, चहा पुढे ठेवून विचारायची, "आज काय पाह्यले जी?" मग तो स्वप्न सांगायचा, स्वप्नाची गोष्ट व्हायची आणि दुपारी ती कापडावर उतरायची. लोकांना राजवाडा हवा होता. हा तलावाखालचं गाव काढून बसला. तळाशी घरं, बैल, पेटलेली चूल आणि झाडांच्या फांद्यांवर मासे. काढता काढता तो मला सगळं सांगायचा. इतक्या प्रेमाने पुढे माझ्याशी कुणी बोललं नाही.

आमच्याकडे पडद्यावर दात्याचं नाव घालायची रीत आहे. माझं कापड टेकचंदने दिलं होतं, आणि नुसत्या नावावर त्याचं समाधान होईना.

"कापड माहा, अन् मीच नाही? मले बी काढ ना!"

"सपनात तं तुमी पाण्याखाली दिसले जी."

"तं तेथीच बसव!"

भोजराजने त्याला तलावाच्या तळाशी बाजेवर बसवलं, हातात विडी देऊन. १९७६ च्या मंडईत सगळे पोट धरून हसले, टेकचंद सगळ्यांत जास्त.

पुढच्या पावसाळ्यात तलावाच्या मातीच्या पाळीवरून त्याची बैलबंडी घसरली आणि टेकचंद बुडून मेला. पाळ कधीचीच खचली होती. पण पाळीला मारून काय मजा? त्याचा भाऊ श्यामराव माणसं घेऊन भोजराजच्या दारात आला. पुरावा म्हणून मलाही आणलं.

"याच्या सपनानं माह्या भावाले खाल्लं!"

"मी तं फक्त चित्र काढलो जी. त्यायनंच काढ म्हटलं."

माझ्यावरच त्यांनी भोजराजचा उजवा हात पसरला आणि मुसळाने बोटं ठेचली. निर्मलाबाई एकेकाच्या पाया पडत होती. हात धरणारे मंडईत टाळ्या वाजवणारेच होते, मी ओळखले त्यांना.

मला मात्र कुणी फाडलं नाही. कापड चांगलं होतं ना! श्यामरावने मला खळ्यावर धान झाकायला ठेवलं.

१९८४ च्या हंगामात त्याच खळ्यावर भोजराज मजुरीला आला. पोट कुणाला सोडतं? मी मनातून हरखलो. वाटलं, हा मला ओळखेल, एक शब्द तरी बोलेल. भाकर खाताना कुंताबाई नावाच्या मजुरणीने त्याला विचारलं, "आता सपनं नाही पडत का जी?"

"झोप येते. तेवढंच."

दुपारी अवकाळी आभाळ भरून आलं. "झाक बे लवकर!" श्यामराव ओरडला. भोजराजने वाकड्या बोटांनी मला उलगडलं आणि पाहिलं. अगदी नीट पाहिलं. सरसात कालवलेला रंग पाण्यात टिकत नाही, म्हणून अडाणी मजूरसुद्धा माझी कोरी बाजू वर करायचे. भोजराजने चित्राची बाजू वर केली, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पाऊस थांबेपर्यंत समोर उभा राहिला. आधी मासे गेले. मग घरं, चूल, बैल. टेकचंद सगळ्यांत शेवटी गेला.

आता मी पुन्हा मांजरपाट आहे. धान झाका, गुरांखाली अंथरा, पोतेरं करा, माझी तक्रार नाही. फक्त माझ्यावर पुन्हा काही काढू नका.