हळर्णचा कैदी

रुद्रेशने शिशाच्या घोडेस्वाराचं मुंडकं पकडीने पिळून तोडलं आणि मग त्याच हाताने बायकोच्या, विमलाच्या, तोंडावर ठोसा मारला. तिचा भाऊ आताच डाव जिंकून गेला होता.

"तुज्या भावाफुडे लाज गेली माजी," तो म्हणाला.

डिचोलीच्या त्या घरात दर रविवारी टेबलावर अठराव्या शतकातली हळर्णच्या किल्ल्याची लढाई पेटायची. भोसल्यांची फौज रुद्रेशची, पोर्तुगीजांची विमलाच्या थोरल्या भावाची, गोकुळदासची. बोटाच्या पेराएवढे शिपाई, फासे टाकून एकमेकांना कापायचे. जिंकेल त्याने पकडलेले शिपाई कैदी म्हणून घरी न्यायचे, हा दोघांचा नियम. रुद्रेशला जवळचं धड दिसत नसे आणि चष्मा लावणं कमीपणाचं वाटे, म्हणून शिपायांचे चेहरे विमला रंगवायची.

गोकुळदास मोठा चोखंदळ. हाती लागलेला प्रत्येक कैदी भिंगाखाली धरून निरखायचा. बहिणीने पदर गालावर ओढून चहा ठेवला, तर मात्र मान वर करायचा नाही. विमलाला नवऱ्याची भीती वाटे, पण राग यायचा तो भावाचा.

त्या आठवड्यात तिने रंगांशेजारी आरसा ठेवला आणि निशाणवाला शिपाई रंगवायला घेतला. रुद्रेश त्याला नेहमी सगळ्यांच्या पुढे दामटायचा आणि तो हमखास पकडला जायचा.

रविवारी तटाखाली रुद्रेशच्या फौजेची नुसती कत्तल झाली. तोफांनी रांगच्या रांग आडवी केली, उरलेल्यांना संगिनींनी खंदकात लोटलं. रुद्रेश फासे आपटत शिव्या हासडत होता. निशाणवाला पकडला गेला, तेव्हा गोकुळदासने सवयीने भिंग उचललं.

शिपायाचा डावा डोळा सुजून मिटला होता. भोवती जांभळं, कडेला पिवळट पडत गेलेलं. खालचा ओठ फाटलेला.

"ह्याका कोणी रंगयलो?"

"विमलान. तोंडां तीच रंगयता. कित्याक?"

गोकुळदासने भिंग खाली ठेवलं. विमला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आज तिने पदर ओढला नव्हता. तो तिच्याकडे बघतच राहिला आणि शरमेने त्याचे कान तापले.

"बघतंस काय? खेळ सोपूक नाय अजून," रुद्रेश म्हणाला.

"सोपलो. मी जिकलंय."

रुद्रेशने वळून बायकोचा उघडा चेहरा पाहिला आणि तो पकड उगारून तिच्याकडे धावला. गोकुळदासने मधेच त्याचं मनगट धरलं, पिरगाळलं आणि त्याला टेबलावर आडवा दाबला. तट मोडला, त्याच्या छातीखाली दोन्ही फौजा चिरडल्या. पकड खाली पडली तरी गोकुळदासने हात सोडला नाही.

"विमल, कैदी माज्यावांगडा घराक येतलो," तो धापा टाकत म्हणाला. "चपला घाल."

विमलाने दारामागची भरलेली पिशवी उचलली. चपला तिच्या पायात सकाळपासूनच होत्या.