आत्याचा आवाज सांभाळणारे धूड

मित्रांनो, मी एक जुना, कचेरीतून निवृत्त झालेला संगणक आहे. रंग काळा, कुशीवर दोन ओरखडे आणि समोरचे एक झाकण केव्हाच पडलेले. या घरात मला सगळे 'धूड' म्हणतात. सुरुवातीला वाईट वाटायचे. आता सवय झाली आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी गेलो तो थेट जन्मनोंदणीच्या कचेरीत. नऊ वर्षे मी तान्ह्या बाळांचे दाखले छापले. तिथल्या मुख्य कारकून बाई रोज सकाळी ओल्या फडक्याने माझे तोंड पुसत आणि म्हणत, "हा माझा सगळ्यात शहाणा कारकून. ना रजा, ना कुरकुर." ते ऐकून माझा पंखा जरा जास्तच जोरात फिरे.

मग बाई निवृत्त झाल्या आणि कचेरीत पातळ, चकचकीत संगणक आले. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडक्या खुर्च्यांखाली मी दोन वर्षे पडून होतो. कोळ्याने माझ्या पाठीत संसार थाटला. शेवटी जुन्या यंत्रांच्या दुकानदाराने मला उचलले आणि फळीवर मांडले. तिथून मला एका घड्याळजींनी घरी आणले.

त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने मला पाहून कपाळाला हात लावला.

"बाबा, हे धूड कशाला उचलून आणलंत? मी नवा मागवलाय ना!"

तिने तळहात पुढे केला. त्यावर खेळायच्या पत्त्याएवढी एक हिरवी पाटी होती. मित्रांनो, खरे सांगतो, मी थक्क झालो. तो अख्खा संगणक होता! ना पेटी, ना पंखा. आणि कडेला सोन्यासारख्या टाचण्यांची दुहेरी ओळ. तिने त्याचे नाव 'बारक्या' ठेवले होते.

"तुझा बारक्या गोड आहे," घड्याळजी म्हणाले. "पण त्याला डबी वेगळी, चार्जर वेगळा, मेमरी कार्ड वेगळं. सगळं धरलं तर तेवढ्यातच हा आला, सगळं पोटात घेऊन."

"आणि वीज किती खाईल? आवाज किती करेल? आत्याच्या गळ्यात हा अडकवणार आहात का?"

यावर घड्याळजींनी मला उचलून टेबलावर ठेवले. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप चालला होता.

आत्या तीस वर्षे बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करत असे. दोन वर्षांपूर्वी घशाचे ऑपरेशन झाले, जीव वाचला, पण आवाज गेला. तेव्हापासून ती वहीत लिहून बोले. हळूहळू लिहिणेही कमी झाले. फोन वाजला तर ती उठत नसे, दार वाजले तर आत निघून जाई. अशात स्टँडच्या कपाटातून तिच्या घोषणांच्या अठरा कॅसेट सापडल्या. बापलेकीच्या मनात आले की या आवाजाचे तुकडे जोडून आत्याला पुन्हा बोलते करायचे. आत्याने वहीत एकच ओळ लिहिली, "गेलेल्या आवाजाला कशाला उठवता?" आणि वही मिटली.

तरी काम सुरू झाले. पहिली अडचण बारक्यालाच आली. टेप वाजवणाऱ्या यंत्राची तार जोडायला त्याच्या अंगावर जागाच नव्हती. माझ्या पाठीला मात्र गुलाबी रंगाचे एक भोक होते. तार बसली आणि मी आत्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. काय आवाज होता! स्वच्छ, सावकाश, प्रत्येक अक्षर धुऊन ठेवल्यासारखे. नऊ वर्षांत मी एवढी नावे छापली, पण एखादे नाव कोणी असे उच्चारलेले ऐकले नव्हते.

टेपा फार जुन्या होत्या. वाजताना त्यांवरचा थर भुकटी होऊन गळत होता. एकेक टेप एकदाच वाजेल, पुन्हा नाही, हे घड्याळजींनी ओळखले. सातवी टेप यंत्रात गुंतली तेव्हा त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि चिमट्याने ती वळी वळीने सोडवली. ते हात बघत राहावेत असे होते. अठराव्या टेपेनंतर त्यांनी भिंग काढले आणि डोळे पुसले.

पुढचे काम अक्षरे वेगळी करण्याचे. मुलीने त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. आधी तो बारक्यावर चालवून पाहिला. बिचाऱ्याने कसूर केली नाही, पण दहा मिनिटांत तो चटका बसेल इतका तापला आणि रांगू लागला. मग तेच काम मला दिले. सहा दिवस माझा पंखा घोंघावत होता. घरात दोन पंखे लागल्यासारखे वाटते, अशी तक्रारही झाली. पण अक्षरे मिळत गेली. गावांच्या नावांनी बाराखडी भरली. एका खेड्याने 'ढ' दिला, एका घाटाने 'घ'. घोषणांत पुन्हा पुन्हा आलेले शब्द मात्र अख्खेच ठेवले.

सगळे जमल्यावर ती अक्षरे बारक्याच्या कार्डावर उतरवली. मुलीने त्याच्या सोनेरी टाचण्यांना एक मोठे लाल बटण जोडले. हे मला सात जन्मांत जमले नसते. छोटा कीबोर्ड, छोटा स्पीकर, मोबाईलची बॅटरी, सगळे एका डबीत बसले आणि डबी आत्याच्या गळ्यात गेली.

आत्या बराच वेळ कीबोर्डकडे बघत बसली. मग एकेक अक्षर दाबले आणि शेवटी लाल बटण.

"ऊन पडलंय. कपडे वाळत घाला."

'कपडे' जोडताना जरा ठेचकाळले, पण आवाज तिचाच होता. घड्याळजी उठले आणि खरोखरच कपडे वाळत घालायला गेले. बराच वेळ ते परत आले नाहीत.

त्यानंतर माझे काम संपले. मला टेबलाखाली सरकवले, वर चादर टाकली. मी रागावलो नाही. बारक्या आत्याबरोबर बाजारात जायचा, भाजीवालीशी घासाघीस करायचा. त्याचे मला कौतुकच वाटे. माझ्या अंगावर मात्र पुन्हा धूळ साचू लागली.

एके दुपारी आत्या वाक्याच्या मध्येच थांबली. डबी मुकी झाली होती. बॅटरीची तार पुन्हा पुन्हा अचानक उपटल्याने कार्ड बिघडले होते. मुलीने सगळे उपाय केले, पण कार्डावर काही उरले नव्हते. टेपांची तर भुकटी झालेली.

"दुसरी प्रत कुठे आहे?" घड्याळजींनी विचारले.

मुलीचा चेहरा उतरला. "फक्त धुडात."

मला ओढून बाहेर काढले, बटण दाबले. माझ्या तोंडून तीनदा 'पीं' निघाले आणि पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. मित्रांनो, माझ्या पोटात आत्याचा सगळा आवाज होता आणि मला डोळे उघडता येत नव्हते. आत्या दारात उभी होती. तिच्या हातात पुन्हा वही आली होती.

घड्याळजींनी माझे झाकण उघडले. ब्रशने धूळ काढली, मेमरीची पट्टी अलगद उपसली आणि तिच्या काळवंडलेल्या पितळी दातांवर साधा खोडरबर फिरवला. पट्टी खटकन परत बसवली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हीच दाबा." त्यांनी बटण दाबले.

मी उठलो. एकही अक्षर हरवले नव्हते.

त्याच दिवशी त्या आवाजाच्या तीन प्रती झाल्या, तीन ठिकाणी. बारक्याच्या डबीला बंद करायचे वेगळे बटण आले. माझ्यावरची चादर गेली. आता दर पंधरा दिवसांनी मला सुरू करतात आणि पुसतात.

मित्रांनो, नवा घ्यावा की जुना, असे कोणी विचारले तर आधी काम काय आहे ते विचारा. बारक्यासारखा गळ्यात जाणारा लागतो, तसा माझ्यासारखा बूड टेकून राबणाराही लागतो. आणि जे जपायचे ते कधी एकाच्याच भरवशावर सोडू नका. आम्हाला फार काही लागत नाही. कधी एक कोरडे फडके, कधी एक खोडरबर.

परवाची गोष्ट सांगून थांबतो. दुपारी घरात आत्या एकटीच होती आणि फोन वाजला. ती उठली, फोन स्पीकरवर टाकला. एक गिऱ्हाईक होते, भिंतीवरचे घड्याळ झाले का विचारत होते. आत्याने डबी फोनजवळ धरून उत्तर दिले, "तयार आहे. संध्याकाळी या."

पलीकडून प्रश्न आला,

"बाई, तुम्ही स्टँडवरच्या ना? मी ड्रायव्हर होतो. वीस वर्षं तुमच्या आवाजावर गाडी सोडली. कुठे होतात इतके दिवस?"

 आत्याने सावकाश टाइप करून बटण दाबले.

"घरीच होते. जरा उशीर झाला."

तो 'उशीर' कुठेही जोडलेला नव्हता. गाडीला उशीर झाल्याच्या घोषणेतला, टेपेवरून आला तसा अख्खा होता.